सतराव्या प्रश्नाची लाल दुरुस्ती

१

रविवारी दुपारी सव्वाबाराला अनंत सरांनी माझी कंपासपेटी टेबलावर उपडी केली, आणि तिच्यातून एक वस्तू अशी पडली, जी माझी नव्हती.

पेन्सिली माझ्या होत्या. खोडरबर माझं होतं. वेळेला असावी म्हणून आईनं टाकलेली सेफ्टीपिनही माझीच. त्यांच्या मधोमध बोटभर लांबीची, घडी घातलेली कागदाची पट्टी पडली होती. सरांनी ती उलगडली. एक ते पंचेचाळीस आकडे आणि प्रत्येकापुढे एक, दोन, तीन किंवा चार. अर्ध्या तासापूर्वी संपलेल्या फिजिक्सच्या पेपरची उत्तरं.

"हे काय आहे, दीक्षा?"

"सर, हे माझं नाही."

वाक्य तोंडातून निघालं आणि माझं मलाच पटेनासं झालं. पकडलेला प्रत्येक माणूस हेच म्हणत असणार.

आमचा क्लास सक्करदऱ्याला, तलावापासून दोन गल्ल्या आत. एक मोठी खोली, एक अभ्यासाची लहान खोली, सरांची केबिन आणि पुढे व्हरांडा. नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, तीन आठवड्यांवर आली होती. त्या रविवारच्या पेपरवरून सर दहा जण निवडणार होते आणि त्या दहांना परीक्षेपर्यंत शेजारी बसवून शिकवणार होते. त्या दहांत यायचं म्हणून क्लासमधली निम्मी पोरं रात्रभर झोपली नव्हती.

आणि पेपर फुटला होता. प्रश्नपत्रिका वाटून झाल्यावर सरांनी गठ्ठ्याचं रिकामं वेष्टन उचललं, तेव्हा त्यांना दिसलं की वरची टेप तपकिरी आहे आणि खालची पारदर्शक. झेरॉक्सवाल्याकडे पारदर्शक टेप नव्हतीच. कुणीतरी खालून कापून परत चिकटवलं होतं. पेपर संपताच सरांनी सगळ्यांना जागेवर बसवलं, व्हरांड्यातल्या रॅकवरच्या बॅगा तपासायला घेतल्या आणि सहाव्या बॅगेत माझी कंपासपेटी निघाली.

"गठ्ठा काल कोणी आणला?" सरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

"मी."

शनिवारी सर लग्नाला गेले होते. त्यांनी फोनवर सांगितलं म्हणून मी झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा आणला, अभ्यासाच्या खोलीतल्या कपाटात ठेवला आणि तीन ते सहा तिथंच बसून राहिले. एकटी नाही, आम्ही चौघं होतो. पण गठ्ठा हातात घेतला होता मीच.

सरांनी कोरा कागद ओढला. वर पोलीस ठाण्याचं नाव लिहिलं, खाली माझं. दीक्षा आनंदराव गजभिये. माझं नाव एवढं लांब आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"चार वाजता मी हा कागद घेऊन निघणार," ते म्हणाले. "कपाटात काय आहे ते तुम्हा चौघांनाच माहीत होतं. चौघंही आत बसा. मोबाइल केबिनमध्ये आणि बॅगा रॅकवरच राहतील. दुसरं नाव निघालं तर सांगा. नाहीतर हेच राहील."

२

अभ्यासाच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि वारा गरमच येत होता. बाहेर चौकात चौदा एप्रिलच्या निळ्या पताका अजून तशाच होत्या. मी खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसले, कारण खोलीतल्या तिघांकडे बघायची हिंमत होत नव्हती.

माझी आई, सिंधूताई, सरकारी मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात आया आहे. वीस वर्षं ती तिथल्या गाद्या उलटते. मागच्या वर्षी माझा नंबर अकरा मार्कांनी हुकला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पुढच्या साली लागते." मग वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला सांगून आली की पोरगी याच मेडिकलमध्ये डॉक्टर होऊन येणार. पेपरफुटीच्या तक्रारीत माझं नाव गेलं, तर परीक्षा राहिली बाजूला, आई त्या वॉर्डात पाऊल कसं टाकणार होती? गल्लीत कुठलीही गाडी थांबली की मी दाराकडे बघायचे.

"पाणी पी," मोहित म्हणाला. त्यानं बाटली माझ्यापुढे ठेवली.

मोहित माझा सगळ्यात जुना मित्र. त्याचे वडील मनोहरराव कळमन्याला फळांचे अडते. मोहितचं हे तिसरं वर्ष. बापानं सांगून ठेवलं होतं की या दहांत नाव आलं नाही, तर सोमवारपासून गाळ्यावर येऊन बसायचं. मोहित बापाला इतका घाबरायचा की घरून फोन आला की उभा राहून बोलायचा.

"पोलीस काय चौघांनाही नेतीन का बे?" ऋषी म्हणाला. ऋषी सतत बोलतो, आणि घाबरला की दुप्पट बोलतो. "माझ्या पप्पांची सरकारी नोकरी आहे यार. आपण तर गेलोच समजा."

"चूप बस न गा थोडा," कामिनी म्हणाली.

कामिनी रामटेकजवळच्या खेड्यातली. घरी धानाची शेती. ती आमच्यात सगळ्यात हळू. आमचे दहा प्रश्न होतात तेव्हा तिचे सहा होतात, पण ते सहा कधी चुकत नाहीत. आम्ही उत्तर शोधतो. ती शोधत नाही. चार पर्याय घेते आणि एकेकावर काट मारत जाते. हा का नाही, हा का नाही. शेवटी जो मरत नाही, तो उत्तर.

"कामिनी," मी म्हणाले, "मी नाही गं केलं."

"मले माहीत नाही," ती म्हणाली. "अजून कोणालेच माहीत नाही. आपण चौघं आहो, म्हणजे पर्याय चार. मी बी त्यातच."

ऋषीचं बोलणं एकदम थांबलं. मला वाटतं, त्याच क्षणी चौघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली. शनिवारी तीन तासांत प्रत्येक जण कधी ना कधी पाच-दहा मिनिटं या खोलीत एकटा होता. कुणी चहाला गेलं, कुणी फोनवर बोलायला. कपाटाची किल्ली खिळ्याला टांगलेली होती. ज्यानं माझ्या पेटीत ती पट्टी ठेवली, तो आत्ता माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

मी मोहितनं दिलेली बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली.

३

कामिनी केबिनमध्ये गेली. परत आली तेव्हा तिच्याजवळ प्रश्नपत्रिका, सरांची उत्तरसूची आणि पट्टीवरची उत्तरं उतरवलेला कागद होता. पट्टी सरांनी दिली नाही. दिली असती तरी उपयोग नव्हता, नुसत्या आकड्यांवरून अक्षर कुणाचं ते ओळखू येत नाही.

ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि सूचीशी एकेक उत्तर ताडू लागली. अर्धा तास गेला. एक वाजून गेला. ऋषीनं नखं खाल्ली. मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून दर मिनिटाला बघत होते.

"चव्वेचाळीस बरोबर आहेत," ती म्हणाली. "एक चूक. सतरावा."

सतरावा प्रश्न सोपा होता. एक भरीव गोळा न घसरता उतारावरून गडगडत खाली येतो, त्याचं त्वरण किती? उतारावर नुसतं घसरताना जे त्वरण असतं, त्याच्या किती पट, एवढंच विचारलं होतं. पर्याय एक, तीन छेद पाच. पर्याय दोन, पाच छेद सात. आणखी दोन होते. बरोबर उत्तर दोन. पट्टीवर एक.

"म्हणजे चोरानं सूची नाही चोरली," कामिनी म्हणाली. "सूचीवरून उतरवलं असतं तर हा बी बरोबर आला असता. त्यानं पेपर नेला अन् घरी बसून स्वतः सोडवला."

"मग एखादा चुकते न," ऋषी म्हणाला.

"ज्याले पुढचे अवघड चव्वेचाळीस आले, त्याले हा येत नाही? तो चुकला नाही, ऋषी. त्याच्याजवळ जे लिहिलेलं होतं, तेच चुकीचं होतं. भरीव गोळ्याच्या जडत्वाचा आकडा दोन छेद पाच. त्याच्या जागी दोन छेद तीन टाकला, तरच तीन छेद पाच येते. अन् दोन छेद तीन कोठी लिहिलेलं होतं?"

कुठं लिहिलेलं होतं ते मला चांगलंच माहीत होतं. मीच लिहिलं होतं.

आमची चौघांची मिळून एक सामाईक वही होती. धडे वाटून घेतलेले. ज्याचा धडा त्यानं सूत्रं लिहायची, बाकीच्यांनी झेरॉक्स काढायची. फिरत्या वस्तूंचा धडा माझ्याकडे होता. पान तेवीसवर मी भरीव आणि पोकळ गोळ्याचे आकडे उलटे लिहिले. भरीवचे पोकळला, पोकळचे भरीवला. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. दहा दिवसांपूर्वी, गुरुवारी, कामिनीनं ते पकडलं.

वहीचा एक नियम होता. चूक सापडली की ज्यानं त्यानं आपल्या प्रतीत लाल पेननं दुरुस्त करायची, शेजारी तारीख टाकायची. आणि त्या दिवशी जो हजर नसेल, त्याला चुकणाऱ्यानं झोपायच्या आत फोन करून सांगायचं. हा नियम आम्ही कधीच मोडला नव्हता. ऋषी तर एकदा रात्री माझ्या आईच्या फोनवर फोन करून एका उणे चिन्हाबद्दल माफी मागून मोकळा झाला होता.

"ती चूक जगात फक्त आपल्याच वहीत होती," कामिनी म्हणाली. "म्हणजे चोर आपल्यातलाच. अन् गुरुवारची दुरुस्ती ज्याच्यापर्यंत पोहोचली नाही, तो." ती माझ्याकडे वळली. "गुरुवारी मोहित नव्हता. कळमन्यात टरबुजाच्या गाड्या आल्या होत्या. त्याले तू सांगितलं होतं न वं?"

मोहित माझ्याकडे बघत होता.

मी मान हलवली. हो म्हणून.

ती मान खोटी होती.

४

का, ते सांगते. लपवून काही उपयोग नाही.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी मोहित चाचणीत पहिला आला होता, मी दुसरी. चार मार्कांचा फरक, म्हणजे एका प्रश्नाचा. तो हसत म्हणाला होता, "आता माझी वही वाचत जा, दीक्षे." सगळे हसले. मीही हसले. आणि गुरुवारी रात्री मोबाइल हातात घेऊन मी बराच वेळ बसले आणि फोन केला नाही. एकच प्रश्न, असं मी स्वतःला सांगितलं. चारच मार्क. शुक्रवारी विसरले असं दाखवलं. शनिवारी खरोखरच विसरले.

हे आत्ता सगळ्यांसमोर कसं बोलायचं? चोरीचा आळ असलेली मुलगी म्हणणार की मी चोर नाही, मी फक्त मत्सरी आहे. आणि तसं म्हटलं की माझ्यावरचा आळ सुटून मोहितवर जातो. ज्यानं दहावीपासून मला गाडीवर मागे बसवून आणलं, त्या मोहितवर. कदाचित त्याला चूक स्वतःच दिसली असेल, पुस्तकात बघून. त्यानं बघितलीच असणार. मी हे इतक्या वेळा मनात म्हटलं, की मला ते खरं वाटायला लागलं.

"बॅगा आणाव्या लागतीन," कामिनी म्हणाली. "प्रती पाहाच्या आहेत. ज्याच्या प्रतीत लाल नाही, तो."

"मग आत्ताच आण न," ऋषी म्हणाला.

"थांब. सरांचं जेवण होऊ दे. तीन वाजता आणू."

दोनला वीज गेली. कूलर बंद पडला आणि खोली इतकी शांत झाली की चौघांचे श्वास ऐकू यायला लागले. बाहेर गाडी थांबली. मी खिडकीशी जाऊन बघितलं. दूधवाला होता.

मोहित उठला. "बाटली भरून आणतो," म्हणाला. पाण्याचा कॅन व्हरांड्यात होता, बॅगांच्या रॅकच्या बाजूला. तो पाच-सात मिनिटांनी आला. बाटली पूर्ण भरलेली होती, ती त्यानं माझ्यापुढेच ठेवली.

"माझा लाल पेन कोणी घेतला बे?" ऋषी टेबलावर शोधत होता. "आत्ता इथंच होता. या क्लासात सगळेच चोर झाले का?"

त्यानं टेबलाखालीही वाकून पाहिलं.

तीन वाजता सर बॅगा घेऊन आत आले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी तो कागद गुडघ्यावर ठेवला होता. माझं नाव वरच होतं.

"एक तास," ते म्हणाले.

कामिनीनं चौघांच्या वह्या जमिनीवर मांडल्या आणि पान तेवीस उघडलं. तिच्या प्रतीत लाल दुरुस्ती, गुरुवारची तारीख. ऋषीच्या प्रतीत तेच. माझ्या मूळ वहीतही.

आणि मोहितच्या प्रतीत दोन छेद तीनवर लाल काट होती. शेजारी लाल शाईत दोन छेद पाच. खाली गुरुवारची तारीख.

मला रडू फुटलं ते सुटल्याच्या आनंदानं. मोहितला दिसली होती चूक! त्यानं स्वतः दुरुस्त केली होती. माझा दोस्त चोर नव्हता आणि मी जे केलं त्यानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पुढच्याच क्षणी उमगलं की मग आता माझ्याशिवाय कुणी उरलंच नाही.

"चारही पर्याय मेले," ऋषी पुटपुटला.

"चारही मेले, तर प्रश्नात दिलेल्या माहितीत काहीतरी खोटं असते," कामिनी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "मोहित, तू तर त्या दिवशी कळमन्याले होता. तुले ही चूक कोणी सांगितली?"

"दीक्षानं," मोहित म्हणाला. "गुरुवारी रात्री फोन केला होता तिनं."

५

त्यानं माझ्याकडे बघितलं. मघाशी मी मान हलवली होती, त्याच्या भरवशावर तो बोलला होता. मी खोटं का बोलले ते त्याला माहीत नव्हतं. पण मी बोलले एवढं त्याला पुरेसं होतं.

आई आत्ता ड्युटीवर असेल, असं माझ्या मनात आलं. चार वाजता चहा घेत असेल.

"नाही," मी म्हणाले.

"काय नाही?" सरांनी विचारलं.

"मी फोन नव्हता केला, सर. मघाशी मी खोटं सांगितलं. चूक सापडली होती, पण ती मी मुद्दाम त्याला सांगितली नाही. तो माझ्यापुढे गेला होता म्हणून." आता थांबता येत नव्हतं. "त्याचे चार मार्क जावेत, असं मला वाटलं होतं."

ऋषीनं माझ्याकडे असं बघितलं की ती नजर मला अजून आठवते. चोर म्हणूनही त्यानं तसं बघितलं नव्हतं.

"आता जीव वाचवासाठी काहीही सांगून राहिली ही," मोहित म्हणाला. त्याचा आवाज चिरकला.

सर म्हणाले, "आरोपीनं जबाब फिरवला की त्याची किंमत राहत नाही, दीक्षा."

"हो जी," कामिनी म्हणाली. "तिच्या बोलण्यावर जाऊच नका. दोघांचे मोबाइल तुमच्याजवळ आहेत. गुरुवारची यादी पाहा."

सर केबिनमधून मोबाइल घेऊन आले. माझ्या मोबाइलवरून त्या गुरुवारी दोन फोन झाले होते, दोन्ही आईला. मोहितच्या मोबाइलवर माझा फोन आलेला नव्हता. कुणाचाच निरोपही नव्हता.

"मला तारीख नीट आठवत नसेल," मोहित म्हणाला. "पुस्तकात पाहिलं असेल मी. पण दुरुस्त केलं न? लिहिलेलं आहे न समोर?"

"लिहिलेलं आहे," कामिनी म्हणाली. "सर, आजच्या उत्तरपत्रिका तपासल्या का तुम्ही?"

"संध्याकाळी तपासणार होतो. फक्त दीक्षाची काढली. एक्केचाळीस बरोबर आहेत. तिचा सतरावाही बरोबर आहे. आयत्या वेळी बदलला असेल, असं मी धरलं."

"मोहितची काढा. बाकी काही नका पाहू. फक्त सतरावा."

सर गेले. परत येईपर्यंत मोहित भिंतीला टेकून उभा होता. मला त्याच्यासाठी भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला.

सर दारातच थांबले. पत्रिका त्यांच्या हातात होती.

"एक," ते म्हणाले. "पर्याय एक भरलाय."

"दहा दिवसांआधी ज्यानं स्वतःच्या हातानं लाल पेननं दुरुस्त केलं," कामिनी म्हणाली, "तो आज सकाळी तोच प्रश्न चुकला? सकाळपर्यंत त्याच्या प्रतीत लाल नव्हतं, सर. लाल आलं दुपारी. मी सतराव्याचं बोलली तेव्हाच मले बॅगा मागता आल्या असत्या. मी मुद्दाम थांबली. म्हटलं, ज्याले भीती वाटते, तो उठीन. बाटली भराले एकच जण उठला. अन् त्याच वेळी ऋषीचा पेन गेला."

"मोहित," सर म्हणाले, "खिशात काय आहे?"

मोहितनं खिशातून पेन काढला. टोपणावर ऋषीनं दातांनी चावलेल्या खुणा होत्या. तो कुणाचा आहे ते विचारायची गरज नव्हती.

"बाबा खरंच घेऊन जाणार होते मले," तो म्हणाला. मग खाली बसला आणि गुडघ्यात तोंड घातलं. "सोमवारी. गाळ्यावर माझी खुर्ची पण ठेवून झाली. मी फक्त फोटो काढला. रात्रभर बसून सोडवला, कोणालेच दिला नाही."

"आणि माझ्या पेटीत?" मी विचारलं.

"सर बॅगा तपासतो म्हणाले. ते पत्रिका ठेवाले केबिनमध्ये गेले, तेव्हा हात पुसाले रुमाल पाहिजे म्हणून मी रॅककडे गेलो. तुझ्या बॅगची चेन तुटलेली, उघडीच होती. मले वाटलं, तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही. तू म्हणजे तू न."

"रात्रभर बसला होतास," कामिनीनं विचारलं, "तर सतराव्याले पुस्तक काहून नाही उघडलं? बाकी सगळं तपासलं असशील."

मोहितनं डोकं वर केलं. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"पान दीक्षाचं होतं," तो म्हणाला. "तिचं पान मी कधीच तपासत नाही."

तेवढ्यात वीज आली आणि कूलर परत घरघरायला लागला.

६

सर पोलिसांत गेले नाहीत. क्लासच्या नावाची काळजी त्यांनाही होती, हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मला ते देवमाणूस वाटले. मी त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिले आणि म्हणाले की मोहितला परीक्षेला बसू द्या. त्यांनी कागद फाडला. पेपर रद्द केला. मोहितचं नाव क्लासातून काढलं. पाचला मनोहरराव आले, मुलाकडे न बघता त्याची बॅग उचलली आणि जिना उतरले. मोहित त्यांच्या मागून गेला. ऋषीनं पेन परत घेतला नाही.

दीक्षा गजभिये हे नाव कुठल्याही कागदावर राहिलं नाही. आईला मी त्या रात्री सगळं सांगितलं, फोन न केल्याचंसुद्धा. ती बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "पोलिसाचं भेव गेलं न? मग आता दुसरं पाह्य." दुसरं म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही.

आम्ही तिघं अजून बसतो. कामिनी माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. ऋषी बोलतो, पण माझी पानं पुस्तकाशी ताडून बघतो, माझ्यासमोरच. मी काही म्हणत नाही. त्याचा हक्क आहे.

परीक्षेला आठ दिवस राहिले असताना मी मोहितला फोन केला. तो उचलणार नाही असं वाटलं होतं. मागे लिलावाची ओरड ऐकू येत होती, मग तो बाजूला गेला असावा, आवाज कमी झाला.

"बोल," तो म्हणाला.

"परीक्षेला बसतोस न?"

"बसून राहिलो. रात्री वाचतो गाळ्यावर."

मला खूप काही बोलायचं होतं. त्यालाही असावं. पण माझ्याकडे एकच काम राहिलं होतं, आणि ते त्या गुरुवारीच झोपायच्या आत करायला हवं होतं.

"वही आहे जवळ? पान तेवीस काढ," मी म्हणाले. "माझी चूक झाली आहे. भरीव गोळा, दोन छेद पाच. पोकळ, दोन छेद तीन. मी उलटं लिहिलं होतं."

पानं उलटल्याचा आवाज आला.

"लिहिलेलं आहे न इथं आधीच," तो हळूच म्हणाला.

"ते खोड. परत लिही. लाल पेन आहे का?"

"आहे. ऋषीचाच आहे."

लिलावाची ओरड दुरून येत होती.

"लिहिलं," तो म्हणाला. "तारीख कोणती टाकू?"

"आजची टाक," मी म्हणाले.